सरासरीच्या आड : लोकसमूहांमधील आरोग्यविषमता कशी वाचावी?

एक हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या अर्भकांची संख्या आपल्या देशात १९७१ मध्ये १२९ होती. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये ती २८ वर आली. त्याच वर्षी महाराष्ट्रात ती १६ आणि केरळात ६ होती. अर्ध्या शतकातील ही वाटचाल निःसंशय समाधानाची आहे. लसीकरण, पाणीपुरवठा, स्त्रीशिक्षण, रुग्णालयातील प्रसूती आणि ग्रामीण आरोग्यसेवेचे जाळे या सर्वांचा तीत वाटा आहे.

तथापि, १६ हा आकडा राज्याचा आहे. तो कोणत्याही एका गावाचा, पाड्याचा किंवा समाजाचा नाही. ज्या वस्तीत अर्भकमृत्यू क्वचितच घडतो आणि ज्या वस्तीत दर पावसाळ्यात एखादे तरी मूल जाते, त्या दोन्ही वस्त्या या एकाच आकड्यात सामावलेल्या असतात. सरासरी खोटे बोलत नाही, परंतु ती पुष्कळ काही बोलतही नाही. जिल्हा परिषदेच्या सभेत, शाळेच्या वर्गात किंवा ग्रामसभेत आरोग्याचे आकडे मांडावयाचे प्रसंग ज्यांच्यावर वारंवार येतात, त्यांनी या आकड्यांचे पोट फोडून पाहण्याची सवय लावून घेणे अगत्याचे आहे. ते कसे करावे आणि करताना कोणते खाचखळगे टाळावेत, याचा विचार या लेखात केला आहे.

चॅडविकचे कोष्टक

लोकसमूहांच्या आरोग्यातील तफावत आकड्यांनी दाखविण्याचा एक जुना आणि गाजलेला प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. श्रमिकांच्या आरोग्यस्थितीविषयी एडविन चॅडविक यांनी १८४२ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. मरण पावलेल्यांचे सरासरी वय काढून त्यांनी वर्गवार कोष्टक मांडले. लिव्हरपूल शहरात उच्चवर्गीय व व्यावसायिक कुटुंबांतील मृतांचे सरासरी वय ३५, दुकानदार-व्यापाऱ्यांचे २२ आणि मजुरांचे अवघे १५ भरले. रटलंड या ग्रामीण परगण्यात मात्र उच्चवर्गीयांचे ५२ आणि मजुरांचे ३८ होते.

या कोष्टकाकडे थोडे थांबून पाहावयास हवे. गावातील मजूर शहरातील मजुरापेक्षा दीर्घायुषी दिसतो, एवढेच नव्हे तर खेड्यातील मजूर शहरातील श्रीमंतापेक्षाही सरस ठरतो. म्हणजे आयुष्याची दोरी केवळ मिळकतीवर अवलंबून नव्हती; घाणेरडे पाणी, तुंबलेली गटारे आणि कोंदट चाळी यांचाही तिच्याशी संबंध होता. चॅडविक यांना हेच सांगावयाचे होते, आणि १८४८ च्या ब्रिटिश सार्वजनिक आरोग्य कायद्यामागे या अहवालाचा मोठा रेटा होता.

परंतु त्यांच्या मोजमापात एक दोष होता आणि तो समकालीन संख्याशास्त्रज्ञांनी लगेच दाखवूनही दिला. ज्या समाजात मुलेच अधिक, तेथे मृतांमध्येही मुले अधिक असणार आणि त्यामुळे मृत्यूचे सरासरी वय आपोआप खाली येणार. झपाट्याने वाढणाऱ्या औद्योगिक शहरात तरुण जोडपी आणि लहान मुले यांची गर्दी होती. मुरलेल्या खेड्यात वृद्धांचे प्रमाण जास्त होते. कोष्टकातील सगळी तफावत रोगराईची नव्हती. काही वयोरचनेची होती. ती वजा केल्यावरही मोठी दरी शिल्लक राहिली, हे खरे. तरीही पद्धत चुकली ती चुकलीच.

हा प्रश्न जुना झाला असे कोणी समजू नये. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत दर हजार लोकसंख्येमागील ढोबळ मृत्युदर केरळात सुमारे ७ आणि बिहारमध्ये साडेपाचच्या आसपास होता. एवढ्यावरून बिहारचे आरोग्य केरळपेक्षा चांगले असा निष्कर्ष एखाद्याने काढला तर त्यास काय म्हणावे? केरळात वृद्धांचे प्रमाण अधिक आहे, म्हणून मृत्यूही अधिक. तेथील माणूस मरतो तो बहुधा पिकल्या वयात. म्हणून दोन समूहांची तुलना करताना सारख्या वयाच्या माणसांची तुलना करावी, हा पहिला नियम. अर्भक मृत्युदर इतका उपयुक्त ठरला आहे तो याच कारणाने : त्यात वयोरचनेचा घोटाळा राहत नाही, कारण सर्वजण एक वर्षाच्या आतलेच असतात.

लहान गावाचा फसवा दर

दुसरा खाचखळगा ग्रामपंचायतींच्या अगदी दारात आहे. महाराष्ट्राचा जन्मदर २०२० मध्ये दर हजारी सुमारे १५ होता. एक हजार वस्तीच्या गावात वर्षाकाठी साधारण १५ बाळे जन्माला येतात असे धरू. त्यांपैकी एक दगावले तर त्या गावाचा अर्भक मृत्युदर ६७ होतो. एकही दगावले नाही तर शून्य! यंदा शून्य म्हणून सत्कार आणि पुढील वर्षी ६७ म्हणून ताशेरे, असा प्रकार केवळ योगायोगाचा खेळ असू शकतो. आरोग्यसेविकेच्या कामात त्या एका वर्षात काहीच फरक पडलेला नसेल.

यावर उपाय दोन. एक तर पाच-सात वर्षांच्या नोंदी एकत्र कराव्यात, अथवा मोठे क्षेत्र घ्यावे. आदिवासी व डोंगरी भागात प्राथमिक आरोग्य केंद्राचे प्रमाण २० हजार लोकसंख्येस एक असे आहे आणि इतरत्र ३० हजारांस एक. वीस हजारांत वर्षाला सुमारे ३०० जन्म होतात. त्यांत पाच मृत्यू म्हणजे दर १७ च्या आसपास. येथेही एक-दोन मृत्यूंनी आकडा हलतो, पण निदान उड्या मारीत नाही. गावाच्या पातळीवर दर काढण्यापेक्षा प्रत्येक मृत्यूची कहाणी नीट समजून घेणे अधिक फलदायी असते : बाळ कितव्या दिवशी गेले, कोठे गेले, आजार दिसल्यापासून मदत मिळेपर्यंत किती तास लोटले, वाटेत नदी आडवी आली की वाहनच मिळाले नाही. दर हे जिल्ह्याचे साधन आहे, कहाणी हे गावाचे.

धोका वेगळा आणि परिणाम वेगळा

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. एखाद्या समूहात एखाद्या आजाराने अधिक माणसे मरतात असे म्हणताना आपण दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र करीत असतो. तो आजार होण्याचा धोका अधिक असेल, किंवा आजार झाल्यावर वाचण्याची शक्यता कमी असेल. पुष्कळदा दोन्ही असते, पण त्यांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे.

डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र शासनाने २०१३ मध्ये नेमलेल्या आदिवासी आरोग्यविषयक तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये आपला अहवाल सादर केला. त्यातील हिवतापाचे आकडे या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहेत. देशाच्या लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार ८.६ टक्के. हिवतापाच्या रुग्णांत मात्र त्यांचा वाटा सुमारे ३० टक्के आणि हिवतापाने होणाऱ्या मृत्यूंत सुमारे ५० टक्के असल्याचे समितीने नमूद केले.

वर्गात फळ्यावर मांडता येईल असे हे गणित आहे. ८.६ टक्के लोकांत ३० टक्के रुग्ण आणि उरलेल्या ९१.४ टक्के लोकांत ७० टक्के. भागाकार केल्यास आदिवासी व्यक्तीला हिवताप होण्याचा संभव इतरांच्या सुमारे साडेचार पट निघतो. ही झाली धोक्याची बाजू. पुढे, ३० टक्के रुग्णांत ५० टक्के मृत्यू आणि ७० टक्के रुग्णांत उरलेले ५० टक्के. म्हणजे एकदा हिवताप झाल्यावर तो जिवावर बेतण्याचा संभव आदिवासी रुग्णाच्या बाबतीत इतरांच्या २.३ पटीहून थोडा अधिक. ही झाली परिणामाची बाजू. दोन्हींचा गुणाकार दहा-साडेदहा पट होतो. नोंदणीतील उणिवा लक्षात घेता हे प्रमाण ढोबळ आहे, परंतु दिशा स्पष्ट आहे.

साडेचार पटीचे कारण जंगल, ओहोळ, डासांच्या जाती, उघड्यावर झोपणे आणि फवारणीपासून दूर राहिलेली वस्ती यांत आहे. तेथे मच्छरदाणी हवी आणि कीटकनाशक हवे. शिवाय जंगलपट्ट्यात मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या घातक प्रकारच्या हिवतापाचे प्रमाण अधिक असते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु सव्वादोन पटीच्या मागे मुख्यतः रक्ततपासणीला लागलेला उशीर, औषधाचा तुटवडा, अशक्त शरीर आणि दवाखान्यापर्यंतचे अंतर ही कारणे उभी असतात. पहिल्या आकड्यासाठी हिवताप विभागाला जाब विचारता येईल. दुसऱ्यासाठी रस्ते, वाहतूक, औषधभांडार आणि रिक्त पदे या सर्वांनाच विचारावा लागेल. ‘आदिवासी भागात हिवताप फार’ एवढ्या एका वाक्यात हा भेद पुसला जातो आणि मग सारी जबाबदारी डासांवर जाऊन पडते.

रक्तातील वारसा

काही तफावती खरोखरच जन्मजात असतात. सिकलसेल हे त्याचे आपल्या राज्यातील ठळक उदाहरण होय. रक्तातील लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होणारा हा आजार १९१० मध्ये शिकागो येथे प्रथम वर्णिला गेला आणि भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये १९५२ मध्ये त्याची नोंद झाली. महाराष्ट्रात सातपुड्यातील भिल्ल व पावरा आणि विदर्भातील गोंड, माडिया, परधान इत्यादी समाजांत त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. हा दोष ज्यांच्यात एकेरी असतो त्या वाहकांना घातक हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. त्यामुळे जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तेथे हा दोष टिकून राहिला.

येथे दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पहिला असा की, हा ‘आदिवासींचा रोग’ आहे. विदर्भातील अनुसूचित जातींत व इतर मागासवर्गीय समाजांतही तो आढळतो. जातीवरून तपासणी ठरविली तर कित्येक रुग्ण सुटून जातील. दुसरा गैरसमज आनुवंशिकतेच्या हिशेबाचा. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याचा संभव चारांत एक असतो. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढील तीन निरोगी असतील, असा त्याचा अर्थ नाही. प्रत्येक खेपेला पाटी कोरी असते. शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला एवढे जरी समजावून दिले तरी मोठे काम होईल.

आणि येथेसुद्धा धोका व परिणाम यांचा भेद लागू पडतो. सिकलसेल घेऊन जन्मलेले मूल किती जगेल हे केवळ त्याच्या रक्तावर ठरत नाही. लवकर निदान, न्यूमोनियाविरुद्ध लस, प्रतिजैविके, हायड्रॉक्सियुरिया हे औषध आणि वेळेवर रक्त मिळाले तर रुग्ण प्रौढपणी संसार करतो, नोकरी करतो. हे न मिळाल्यास तोच आजार बालपणी जीव घेतो. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात मोठ्या प्रमाणावरील तपासणीवर भर देण्यात आला असून २०४७ हे उद्दिष्टाचे वर्ष ठरविण्यात आले आहे. तपासणीचे कार्ड हाती आले तरी गोळ्या कोठून मिळणार, हा प्रश्न मात्र तालुका पातळीवरच सुटावयाचा आहे.

कचेरीतील जिना

आरोग्यविषमता म्हणजे दारिद्र्याचाच प्रश्न, असे आपण सामान्यतः समजतो. लंडनमधील शासकीय कर्मचाऱ्यांच्या एका अभ्यासाने या समजुतीला धक्का दिला. व्हाइटहॉल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि १९६७ मध्ये सुरू झालेल्या या पाहणीत ४० ते ६४ वयाच्या सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी करून त्यांच्यावर पुढे अनेक वर्षे लक्ष ठेवण्यात आले. यांतील कोणी उपाशी नव्हता, कोणी बेकार नव्हता. सर्वांना शासकीय आरोग्यसेवा मोफत होती. असे असूनही शिपाई, दारवान यांसारख्या सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वोच्च श्रेणीतील अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक निघाले. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब घेतल्यावरही या तफावतीचा थोडाच भाग उलगडला.

विशेष म्हणजे वरून दुसऱ्या पायरीवरचा अधिकारीही पहिल्या पायरीवरच्यापेक्षा अधिक धोक्यात होता. दरी केवळ गरीब आणि इतर यांच्यात नव्हती. संपूर्ण जिनाच उतरता होता. कामावर आपले नियंत्रण किती, अपमान गिळावा लागतो किती आणि लहानपण कसे गेले, या गोष्टींकडे आरोग्यशास्त्राचे लक्ष यानंतर अधिक वळले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर डग्लस ब्लॅक यांच्या समितीच्या अहवालानेही तेच दाखविले : १९४८ पासून मोफत राष्ट्रीय आरोग्यसेवा असूनही ब्रिटनमधील वर्गावर्गांतील मृत्यूची तफावत मिटलेली नव्हती. दवाखाना आवश्यक आहे, पण तो एकटा पुरा पडत नाही. कचेरीत बसून हा लेख वाचणाऱ्यांनी आपल्या दारातील शिपायाचा रक्तदाब शेवटी कधी मोजला गेला, याची चौकशी करावयास हरकत नसावी.

भारतीय शरीराचा एक वेगळा प्रश्न पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधकांनी पुढे आणला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून मातांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅमच्या आसपास भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा ते सुमारे ८०० ग्रॅमने कमी. परंतु वजन कमी असूनही त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. उणीव होती ती स्नायूंची. हडकुळी दिसणारी ही बाळे आतून मेदयुक्त होती. अशा शरीराला पुढे भरपूर अन्न व बैठे काम मिळाले की मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणूनच आशियाई लोकांच्या बाबतीत वजन-उंचीच्या निर्देशांकाची सावधगिरीची रेषा २५ ऐवजी २३ वर धरावी, असा विचार जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये मांडला. युरोपीय माणसावर बेतलेले माप आपल्याला जसेच्या तसे लावले तर कित्येक धोक्यातील माणसे ‘निरोगी’ ठरतात.

गडचिरोलीचा धडा

एवढे सारे वाचून तफावत हे प्राक्तन आहे असे कोणास वाटेल, तर त्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. १९८२ मध्ये निर्माण झालेल्या या जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात एक क्षेत्रीय प्रयोग केला. ३९ गावांत उपाययोजना आणि ४७ गावांत केवळ नोंदणी, अशी त्याची मांडणी होती. आरंभी दोन्ही भागांत जन्मानंतरच्या २८ दिवसांतील मृत्यूचा दर जवळपास सारखा, म्हणजे दर हजारी ६० च्या आगेमागे होता.

संशोधकांनी प्रथम नुसते पाहिले. १९९५-९६ मध्ये घरोघरी जन्मलेल्या शेकडो बाळांचे निरीक्षण केले असता निम्म्याहून अधिक नवजातांना वैद्यकीय मदतीची गरज असल्याचे दिसले. प्रत्यक्षात ती शंभरांत तिघांनाही मिळत नव्हती. प्रसूती बहुतेक घरीच होत. बाळंतिणीला व बाळाला घराबाहेर काढावयाचे नाही हा रिवाज, पदरी पैसा नाही, आणि रुग्णालय कित्येक मैलांवर. रुग्णालय जर बाळापर्यंत येत नसेल आणि बाळ रुग्णालयापर्यंत जात नसेल, तर उपचारच घरी न्यावा, असा सरळ विचार त्यांनी केला.

गावातीलच, थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. बाळ जन्मताच रडले नाही तर श्वास कसा सुरू करावा, त्याला ऊब कशी द्यावी, वजन कसे घ्यावे, अंगावरचे दूध लवकर कसे सुरू करावे, आणि जंतुदोषाची लक्षणे ओळखून तोंडावाटे द्यावयाचे औषध व जेंटामायसिनचे इंजेक्शन कसे द्यावे, हे त्यांना शिकविले. सुईणीलाही बरोबर घेतले. खेड्यातील अल्पशिक्षित बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार, या कल्पनेने त्या वेळी अनेक डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या असतील तर नवल नाही. पण निकाल बोलका होता. उपाययोजनेच्या तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात मृत्युदर ६२ वरून २५ च्या जवळ उतरला. तुलनेच्या गावांत तो ६० च्या घरातच राहिला. जंतुदोष झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या तीन वर्षांत त्या गावांतील लोक श्रीमंत झाले नव्हते. सामाजिक विषमता होती तेथेच होती. बदलले होते ते एवढेच की, धोक्याच्या पहिल्या काही दिवसांत दारात येणारे एक जाणते माणूस मिळाले. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ कार्यकर्ती गावोगाव आली आणि २०११ पासून घरभेटींचा हा कार्यक्रम देशभर सुरू झाला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी आणि घरी जन्मलेल्यासाठी पहिल्या दिवसाची आणखी एक भेट ठरलेली आहे. पंचायत सदस्याने आशाताईंना विचारावयाचा प्रश्न साधा आहे : अमक्याच्या घरी तिसऱ्या दिवशी जाणे झाले का, आणि वजनकाटा चालू आहे का?

मात्र पहिला महिना सांभाळला म्हणजे सर्व झाले, असे नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील अर्भक मृत्युदर अनुसूचित जमातींत सुमारे ४४, अनुसूचित जातींत ४५ आणि मागासवर्गात न मोडणाऱ्या इतरांत ३२ होता. पाच वर्षांखालील मृत्युदर अनुक्रमे ५७, ५६ आणि ३८.५ होता. दुसऱ्या रांगेतून पहिली वजा केली की वाढदिवस पाहिल्यानंतर गेलेली मुले उरतात : आदिवासींत सुमारे १३, अनुसूचित जातींत ११, इतरांत साडेसहा. पहिल्या वर्षी आदिवासी बालकाचा धोका इतरांच्या सुमारे १.४ पट आहे. वर्ष उलटल्यावर तो दुप्पट होतो. अंगावरचे दूध अपुरे पडू लागते, वरचे अन्न पुरेसे नसते, आई मजुरीस जाते आणि जुलाब, न्यूमोनिया, हिवताप एकामागून एक येतात. राज्य शासनाच्या १९९५ च्या नवसंजीवन योजनेचा आणि गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचा चौरस आहार देण्यासाठी २०१५ मध्ये आखलेल्या अमृत आहार योजनेचा रोख याच काळाकडे आहे.

जे यादीतच नाहीत

सर्वांत कठीण तुलना त्या समूहाची, जो कोणत्याच गावाच्या यादीत पूर्ण वर्षभर नसतो. मराठवाड्यातून दर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी जोडपी हे त्याचे उदाहरण. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि एक दिवसाचा खाडा झाला तर दंड. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी ओरड झाल्यावर राज्य शासनाने २०१९ मध्ये चौकशी समिती नेमली. सर्वेक्षणात ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजार ८०० हून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. म्हणजे सहांत एक. देशात १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण २०१५-१६ च्या पाहणीत शंभरी तीनच्या आसपास होते.

वर सांगितलेला नियम येथेही पाळावा लागेल : दोन्ही आकड्यांतील वयोगट तंतोतंत सारखे नाहीत, म्हणून ‘पाचपट’ असे ठाम विधान करणे योग्य नव्हे. परंतु एवढी मोठी तफावत केवळ वयाने भरून निघणारी नाही. या स्त्रियांची गर्भाशये जन्मतः वेगळी नव्हती. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, फडावर न्हाणीघर नाही, अंगावरून जाण्याच्या तक्रारीवर साधा औषधोपचार जवळपास मिळत नाही आणि कायमची ‘सुटका’ सुचविणारा खाजगी दवाखाना तेवढा हाकेच्या अंतरावर असतो. येथे सेवेचा अभाव हे एक कारण आणि नको ती सेवा मिळणे हे दुसरे.

अशा कुटुंबांतील जन्ममृत्यूंची नोंद हाही एक गुंता आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार घटना जेथे घडली तेथे, २१ दिवसांच्या आत, ती नोंदवावयाची असते. फडावर जन्मलेले आणि फडावरच गेलेले बाळ कारखान्याच्या परिसरातील ग्रामपंचायतीच्या दप्तरात दाखल होणार; झाले तर. मूळ गावाच्या दप्तरात त्याचा मागमूस राहत नाही, आणि ज्या तालुक्यातून सर्वाधिक माणसे बाहेर पडतात त्या तालुक्याचा मृत्युदर कागदावर उजळ दिसू शकतो. पहिलटकरीण माहेरी बाळंत होते तेव्हाही असेच घडते. त्यात भर म्हणजे, जन्मून दोन श्वास घेतलेले बाळ पुष्कळदा ‘उपजत मृत्यू’ म्हणून लिहिले जाते. तसे केल्याने अर्भक मृत्युदरातून ते वगळले जाते. बाळ रडले होते का, हातपाय हलविले होते का, एवढे आईला व सुईणीला विचारून मगच रकाना भरावा.

ग्रामपंचायतीने कायदेशीर नोंदवहीशिवाय आपल्यापुरती एक साधी वही ठेवावी. तीत वस्ती किंवा पाडा, आईचे वय, प्रसूतीचे ठिकाण, बाळाचे जन्मवजन आणि कुटुंब स्थलांतरित आहे काय, एवढे रकाने पुरेत. गावाबाहेर घडलेल्या घटना वेगळ्या शाईने लिहाव्यात. ऊसतोडीहून टोळ्या चैत्र-वैशाखाच्या सुमारास परततात. पावसाळ्यापूर्वीच्या त्या महिन्या-दोन महिन्यांत आशाताईंनी प्रत्येक परतलेल्या घरी जाऊन, जाताना पोटात किंवा कडेवर असलेले मूल आता घरात आहे की नाही, हे पाहून वही पुरी करावी.